फाईल उडाली की आधी हात वर करा

मंडळी, एप्रिल महिन्यात तेजपूरला संध्याकाळनंतर आभाळ कधी फाटेल याचा नेम नसतो. बिहूच्या सुमारास येणाऱ्या या वादळाला इथले लोक बोरदोइसिला म्हणतात. ती माहेरी निघालेली लेक आहे, असं मानतात. लेक घाईत असते, त्यामुळे वाटेतली केळीची झाडं, पत्रे आणि विजेच्या तारा तिच्या पदराला अडकून जातात. गेल्या वर्षी अशाच एका रात्री साडेदहाला आमच्या क्वार्टरचं दार वाजलं. बाहेर आमचा लान्सनायक उभा होता. जत तालुक्यातला पोरगा, वय तेवीस. रेनकोट होता, पण डोकं भिजलेलं.

"दादा, एक घोळ झालाय."

"कधी?"

"सोमवारी."

त्या दिवशी शुक्रवार होता. घोळ नेमका काय ते पुढे सांगतोच, पण घोळापेक्षा मधले चार दिवस जास्त महाग पडले. आजचं हे लिखाण त्या चार दिवसांबद्दल आहे.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक नायब सुभेदार साहेब राहायचे. पिथौरागढकडचे, कुमाऊँनी. पेन्शनला चार महिने उरले होते. मुलगी कॉलेजला जाणार म्हणून त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्यातलं सगळं नव्यात टाकायचं ठरलं. जुन्यात काय होतं? अकरा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ. घरात हे काम कोणाला येत नव्हतं, म्हणून आमच्या पोराला बोलावलं. त्याला मोबाईलचं चांगलं कळतं, तेव्हा कॉम्प्युटरचंही कळत असणार असं आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. 'एक्सपर्ट' म्हणून चिडवायचोही. ती चूक आमची.

अकरा वर्षांचे फोटो म्हणजे काय, हे सिव्हिलमधल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची कॅज्युअल रजा असते. तीही एका दमात मिळते असं नाही. फॅमिली जिथे नेता येत नाही अशी पोस्टिंग लागली की मग संसार त्या रजेतच व्हायचा. पोरगी चालायला लागली ते फोटोत, तिचे दात पडले ते फोटोत. तुमच्या घरी अल्बम म्हणजे आठवण असेल. आमच्याकडे पुष्कळदा मूळ घटनाच आम्ही अल्बममध्ये पाहिलेली असते.

आता घोळ. पोराने दोन्ही लॅपटॉप घरच्या वायफायवर घेतले, जुन्यातला 'घर' नावाचा फोल्डर शेअर केला आणि नव्या लॅपटॉपवर बसून तो कॉपी करायला लावला. शेअर करताना नुसती वाचायची परवानगी देता येते, पण त्याने सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. निम्म्यावर आलं असताना लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिले, राऊटर बंद पडला, कॉपी अर्धवट तुटली. लाईट आल्यावर त्याने विचार केला की हा अर्धा फोल्डर उडवू आणि पहिल्यापासून करू. विचार बरोबर होता. पण स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक नव्या लॅपटॉपची, एक जुन्याची. दोन्हींत फोल्डरचं नाव 'घर'. त्याने चुकीच्या खिडकीतला उडवला. अर्धा राहिला आणि पूर्ण गेला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्या स्वतःच्या डिस्कवरची फाईल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून परत आणता येते. पण नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमधली फाईल उडवली, तर विंडोज ती सहसा बिनमध्ये टाकत नाही. ना तुमच्या बिनमध्ये, ना समोरच्याच्या. म्हणूनच तेव्हा ते विचारतं, 'हे कायमचं डिलीट करायचं का?' तो प्रश्न म्हणजे संतरीने दिलेला 'थम, कौन आता है' असतो. आपण काय करतो? मागचा-पुढचा विचार न करता 'येस' दाबतो. त्यानेही दाबलं.

दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो शेजारच्या खोलीत जाऊन साहेबांना सांगू शकला असता, किंवा माझं दार वाजवू शकला असता. पण त्याने साहेबांना सांगितलं, "साब, थोडा टाइम लगेगा, मैं लाइन में ले जाता हूँ." आणि दोन्ही लॅपटॉप बॅगेत घालून बॅरेकमध्ये नेले.

पुढचे चार दिवस रात्री सगळे झोपल्यावर तो एकटाच 'रिकव्हरी' करत बसला. जुन्या लॅपटॉपवर त्याने तीन सॉफ्टवेअर डाउनलोड केली. तिन्ही त्याच डिस्कवर इन्स्टॉल केली. जे काही सापडलं तेही त्याच डिस्कवर सेव्ह केलं. मध्येच विंडोजचं अपडेट आलं, ते होऊ दिलं. चारही गोष्टी करायच्या नव्हत्या.

का नव्हत्या, ते आपल्या भाषेत सांगतो. डिस्कवरची फाईल म्हणजे बॅरेकमधला जवान आणि डिस्कची यादी म्हणजे नॉमिनल रोल. फाईल डिलीट होते तेव्हा फक्त रोलवरून नाव कापलं जातं. जवान अजून आपल्या चारपाईवर झोपलेलाच असतो. पण रोलच्या हिशेबाने ती चारपाई आता रिकामी आहे. नवीन जवान आला की त्याला तीच चारपाई मिळू शकते, आणि तो येऊन झोपला की जुना कायमचा गेला. डाउनलोड केलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर, प्रत्येक अपडेट, इतकंच काय, नुसतं इंटरनेट पाहताना साठणाऱ्या छोट्या फाईली, हे सगळे नवे जवान. पोरगा रात्रभर जुन्यांना शोधत होता आणि त्याच वेळी बॅरेकमध्ये नवी भरती करत होता.

हे झालं फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कचं. हल्लीच्या एसएसडीमध्ये कंपनी हवालदार मेजर फार कडक असतो. नाव कापलं की विंडोज डिस्कला तसं कळवून टाकतं, ट्रिम म्हणतात त्याला, आणि मग डिस्क सवडीने ती जागा खरोखर साफ करते. पुष्कळदा ते काही क्षणांतच होतं. म्हणून एसएसडीवरून उडालेलं परत मिळण्याची आशा फार कमी. साहेबांचा लॅपटॉप जुना होता, तबकडीवाला. नशीब म्हणायचं ते एवढंच.

त्या रात्री आम्ही दुसरं काही न करता लॅपटॉप बंद केला. सकाळी त्याची डिस्क काढून, केबलने माझ्या कॉम्प्युटरला जोडीची डिस्क म्हणून लावली, म्हणजे तिच्यावरून विंडोज चालू होणार नाही. फोटोरेक नावाचं एक मोफत साधन आहे. ते रोल बघतच नाही, सरळ एकेका चारपाईजवळ जाऊन बघतं. जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. सापडलेलं सगळं तिसऱ्याच डिस्कवर ठेवलं. साडेसहा तास चाललं.

फोटो बरेच आले. पण रोल न बघता उचलल्यामुळे नावं गेली, फोल्डर गेले. हजारो फाईली, नावाच्या जागी नुसते आकडे. ज्या फोटोंच्या पोटात कॅमेऱ्याने तारीख लिहिली होती त्यांची रांग लागली. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात ती नसते. त्यांच्यासाठी वहिनी आणि मुलगी तीन संध्याकाळी बसल्या. मुलीची उंची, भिंतीचा रंग, कोणाच्या अंगावर कोणता स्वेटर, यावरून कुठली रजा ते ठरवत होत्या.

व्हिडिओंचं मात्र वाईट झालं. मोठी फाईल डिस्कवर सलग बसलेली असेलच असं नाही, तिचे तुकडे चार ठिकाणी असतात. एक तुकडा जरी कुणी दाबून टाकला तरी बहुतेक वेळा व्हिडिओ चालत नाही. साहेबांच्या धाकट्या भावाच्या लग्नातला एक व्हिडिओ होता. त्यात त्यांची आई, ते ईजा म्हणतात, गावातल्या बायकांबरोबर शकुनाखर गात होती. शुभकार्याच्या सुरुवातीला कुमाऊँमध्ये बायका जी गाणी म्हणतात ती. ईजा आदल्या वर्षी गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज त्या एकाच व्हिडिओत होता. तो मिळाला नाही.

सोमवारी रात्रीच डिस्क काढली असती तर मिळाला असता का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण चार दिवसांत त्या डिस्कवर जे काही लिहिलं गेलं ते गेलं नसतं, एवढं नक्की.

साहेबांना शनिवारी सांगितलं, पोराने स्वतः, मी बाजूला उभा होतो. साहेब आधी भडकले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पहले दिन बोल देता, बेटा. मैं क्या खा जाता तुझे?"

पोराने मान खाली घातली. मला मात्र खरं उत्तर माहीत होतं. त्याला खरंच वाटलं होतं, साहेब खातील. आणि तसं वाटायला आम्हीच शिकवलं होतं.

माझं मत इथून सुरू होतं. फाईल डिलीट होणं ही चूक आहे, आणि ती कोणाच्याही हातून होते. पण डिलीट झाल्यावर ती लपवली जाते तेव्हा तिचं नुकसानात रूपांतर होतं. लपवण्यामागे असते भीती, आणि ती भीती वरच्यांनी पेरलेली असते. घरात बापाने, ऑफिसात साहेबाने, बॅरेकमध्ये आमच्यासारख्या सीनियरने. एकदा चुकीबद्दल खरं बोललेल्या पोराला सगळ्यांसमोर रगडा लावला, तर त्या दिवशी बघत असलेले बाकीचे तीस जण एकच धडा घेतात: यापुढे सांगायचं नाही.

मी सिग्नल्सचा. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये लाईन टाकायला शिकताना आमच्या उस्तादांचा एक नियम होता. लाईन तुटली, किंवा तुमच्याच पायाने तुटली, तर पहिलं काम जोडायचं नाही. पहिलं काम कळवायचं. कारण तुम्ही जोडत बसलात त्या अर्ध्या तासात वरच्याला वाटत असतं की लाईन चालू आहे, आणि तो तिच्या भरवशावर निर्णय घेत असतो. ते म्हणायचे, "बताई गलती सिंगल, छुपाई गलती डबल." आमच्या कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. त्यातलं तीव्र हे हात चालवण्याइतकंच खबर देण्यालाही लागू आहे, असं मला आता वाटतं.

हे काही फक्त खेड्यातल्या पोरांच्या हातून होतं असं समजू नका. गिटलॅब नावाची जगभरातल्या प्रोग्रामर लोकांचं काम सांभाळणारी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनिअर दोन डेटाबेस सर्व्हरवर काम करत होता. एक मुख्य, एक जोडीचा. त्याला जोडीच्या सर्व्हरवरचा फोल्डर साफ करायचा होता. आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि त्याने थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबीच उरले होते. दोन खिडक्या, सारखं दिसणारं नाव, चुकीची खिडकी. आमच्या पोराचीच गोष्ट, फक्त घर मोठं. बॅकअप बघायला गेले तर एकेक व्यवस्था बंद किंवा निकामी निघाली. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. सहा तासांचं काम बुडालं, बाकी वाचलं.

पण मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी लपवलं नाही. काय झालं, आता काय करतोय, हे तिथल्या तिथे सगळ्या जगासमोर लिहीत गेले; दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतर कारणं मांडली तीही 'हा माणूस नालायक' अशी नाही, तर 'आमचे बॅकअप चालतात का हे बघण्याची जबाबदारीच कोणावर नव्हती' अशी. एवढी मोठी कंपनी जगासमोर हात वर करू शकते, तर आपण घरातल्या चौघांसमोर का करू नये?

काही जण म्हणतील, हवालदार साहेब, हे भावनेचं झालं. साहेबांनी बॅकअप ठेवला असता तर ही वेळच आली नसती. खरं आहे. आणि तो ठेवायलाच हवा: मूळ एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पाठ करा. दोन कॉम्प्युटर एकच फोल्डर बघत असतील तर प्रत एकच आहे, खिडक्या दोन. पण गिटलॅबकडे बॅकअपच्या व्यवस्था एक सोडून अनेक होत्या. बॅकअप ही तयारी झाली. तयारी फसते तेव्हा माणूस काय करतो, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरे म्हणतील, शिस्तीचं काय? चूक माफ केली तर पोरं बेफिकीर होतील. मी फौजेत एकोणीस वर्षं काढली, शिस्तीच्या विरोधात बोलणार नाही. पण शिक्षा कशाची, हे ठरवायला हवं. प्रश्न न वाचता 'येस' दाबलं त्याबद्दल त्याला झापलं पाहिजे, झापलंच. चार दिवस लपवलं त्याची शिक्षा वेगळी आणि जास्त. आणि जो दहाव्या मिनिटाला येऊन सांगेल त्याला पहिल्यांदा पाणी द्यायचं आणि मग कामाला लागायचं. झापणं दुसऱ्या दिवशीही करता येतं. डिस्कवरच्या रिकाम्या चारपाया दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत.

आता ड्रिल. कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा.

पहिलं, थांबा. दोन्ही कॉम्प्युटरवरचं काम बंद, वायफाय बंद. काहीही डाउनलोड करायचं नाही, काही सेव्ह करायचं नाही.

दुसरं, ज्याची फाईल आहे त्याला लगेच सांगा. हे फक्त सभ्यतेसाठी नाही. फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतं: जुन्या फोनमध्ये, बहिणीच्या पेनड्राइव्हवर, कॅमेऱ्याच्या कार्डात.

तिसरं, दुसऱ्या उपकरणावरून क्लाउडची कचरापेटी बघा. गुगल ड्राइव्हवर डिलीट केलेलं ३० दिवस राहतं. गुगल फोटोजवर बॅकअप झालेले फोटो ६० दिवस.

चौथं, तरीही नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, रिकव्हरीचं साधन तिथून चालवा आणि सापडलेलं तिसऱ्या डिस्कवर ठेवा. जमत नसेल तर जाणकाराकडे न्या. पण ओळखीचा, भरवशाचा माणूस बघा. त्या डिस्कवर तुमचं घरदार असतं. आणि फौजी भावांनो, हे सगळं फक्त घरच्या लॅपटॉपचं. सरकारी कॉम्प्युटरला हात न लावता सरळ रिपोर्ट, दुसरा पर्यायच नाही.

पुढच्या वेळेसाठी: शेअर करताना नुसती वाचायची परवानगी द्या. दोन फोल्डरना वेगळी नावं द्या, 'जुनं घर' आणि 'नवं घर'. कट करू नका, कॉपी करा. फाईलींची संख्या दोन्हीकडे जुळवा, आणि मूळ निदान महिनाभर उडवू नका.

साहेब ऑगस्टमध्ये पेन्शनला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पोराला बोलावून जुना लॅपटॉप त्यालाच दिला. म्हणाले, शिकण्यासाठी ठेव. पोराने त्याच्या झाकणावर आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर त्याच्या अक्षरात एवढंच आहे: 'कोणती खिडकी?'

मी मात्र वेगळा कागद लावला आहे, आमच्या घरातल्या फ्रिजवर. माझा मुलगा नववीत आहे, माझा कॉम्प्युटर वापरतो. त्यावर लिहिलंय: 'काही उडालं तर लगेच सांग. ओरडणार नाही.' बायको म्हणाली, "दुसरं वाक्य आधी पाळून दाखवा." तिचं बरोबर आहे. परीक्षा माझी आहे.

जय हिंद.